श्रावणबाळाची कावड आणि २१ हजारांचा दाखला

आमच्या वस्तीतल्या एका मावशींना गेल्या वर्षी आधार कार्डावर पासष्ट वर्षे पूर्ण झाली. आधार कार्डावर म्हणायचे कारण, त्यांचे खरे वय कोणालाच ठाऊक नाही. बहात्तरच्या दुष्काळाआधी लग्न झाले होते, एवढेच त्या सांगतात. कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, जशी वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची आहे. तोवर त्यांच्या खात्यावर मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये येत होते. ते बंद झाले, कारण ती योजना २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे. आम्ही त्यांना घेऊन तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत गेलो. पासष्टीनंतरच्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतही रक्कम तेवढीच आहे, १५०० रुपये. फरक दाखल्यात आहे. लाडकी बहीणला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालत होते. श्रावणबाळला, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर, २१ हजारांच्या आतला दाखला लागतो. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "लेकरांनो, मागल्या महिन्यापस्तोर मी सरकारची बहीण होते. आता कोण झाले मी?"

या प्रश्नाचे उत्तर त्या शाखेतल्या कारकुनाकडे नव्हते आणि ते त्याच्याकडे मागण्यात अर्थही नाही. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १७५० रुपये आणि दिवसाला ५८ रुपयांच्या आसपास, तेही एका माणसाचे नव्हे, सगळ्या घराचे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या एकाच माणसाने ६८ दिवस माती उपसली की ते घर २१ हजारांच्या वर जाते. कायद्याने कामाची हमी द्यायची आणि त्या कामाची मजुरी खरोखर मिळाली तर घरातल्या म्हातारीला श्रीमंत ठरवायचे, असा हा हिशेब आहे. बरे, याच राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना पासष्टीपुढच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र घेण्यासाठी एकदाच ३००० रुपये देते, तिला दोन लाखांचे उत्पन्न चालते. एकदाच द्यायचे असेल तर दोन लाख, दरमहा द्यायचे असेल तर २१ हजार. एकाच म्हातारीकडे सरकार तीन डोळ्यांनी पाहते.

असे का होते, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. आमचे म्हणणे असे आहे की आपल्या राज्यात म्हातारपणाचा पैसा दोन वेगळ्या वाटांनी आला. एका वाटेने तो केलेल्या कामाचा मोबदला म्हणून आला, दुसऱ्या वाटेने दया म्हणून. कोण कोणत्या वाटेवर उभा राहील, हे फार मोठ्या प्रमाणात जातीने ठरवले.

सरकारने लोकांना पैसे वाटणे ही लोकशाहीने आणलेली नवी सवय आहे, असे टीव्हीवरचे अर्थतज्ज्ञ सांगतात, आणि 'रेवडी' हा शब्द वापरतात. पुण्याचा इतिहास वेगळे सांगतो. पेशवाईत दरवर्षी श्रावण महिन्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण पुण्यात येत. विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांना जास्त रक्कम मिळे, बाकीच्यांना पर्वतीजवळच्या रमण्यात सरसकट वाटप होई. सरसकट हा शब्द लक्षात ठेवावा. हजारो माणसांना काही दिवसांत रोख रक्कम पोहोचवण्याची यंत्रणा या भूमीत अडीचशे वर्षांपूर्वी होती आणि तिला पात्रतेसाठी एकच पुरावा पुरत होता, जन्माचा. १८१८ मध्ये पेशवाई संपली, पण दक्षिणा लगेच संपली नाही. एल्फिन्स्टनने ती आटोपशीर करून चालू ठेवली आणि तिच्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. खुद्द दुसऱ्या बाजीरावाला कंपनीने बिठूरला बसवून वर्षाला आठ लाख रुपयांची पेन्शन दिली. १८५१ मध्ये तो मरेपर्यंत ती चालली. हरलेल्या राजाला तेहतीस वर्षे पोसण्यासाठी सरकारी तिजोरीची 'आर्थिक क्षमता' कमी पडली नाही.

त्याच काळात आमचे म्हातारे काय करत होते? ते काम करत होते. महार वतनात निवृत्तीचे वय नव्हते. गावचा सारा तालुक्याला पोहोचवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे पळणे, मेलेली जनावरे ओढणे, सरणाची लाकडे वाहणे, रात्रीची राखण, सगळे वतनात येई. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा, बलुते आणि येसकराच्या पाळीची दारोदार मागून आणलेली भाकरी. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या सगळ्याला इंग्रजी सरकारचा शिक्का मारला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा ३ ऑगस्टच्या भाषणात त्यांनी नेमके हे दाखवून दिले की वतनदार महार दिवसाचे चोवीस तास बांधलेला आहे आणि तो हजर नसेल तर त्याच्या घरातल्या कोणालाही, बापालासुद्धा, कामाला ओढले जाते. नातू वतनावर, बाप परगावी, म्हणून आजोबाने काठी टेकत चावडीवर जायचे. बाकी जगात म्हातारपणी काम सुटते. वतनात म्हातारा हा बदली कामगार होता.

आणि ज्यांना गावकीचे कामही झेपत नसे, त्यांच्या वाट्याला भाकरी मागणे येई. वतनाच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका टोपली घेऊन फिरत, हे आमच्या आजी-पणजीच्या पिढीने पाहिलेले आहे. गावाने भाकरी दिली तर म्हातारपण निभावले, गावाचा राग झाला तर भाकरी बंद. महाडच्या सत्याग्रहानंतर, वतनाची कामे नाकारल्यानंतर, गावोगाव जे बहिष्कार पडले त्यांत सगळ्यात आधी उपाशी राहिले ते म्हातारे. हा भाग आपल्या चळवळीच्या इतिहासात कमी लिहिला गेला आहे. १९२८ चे विधेयक बाबासाहेबांना मागे घ्यावे लागले, १९३७ मध्ये त्यांनी पुन्हा आणले. वतन प्रत्यक्षात संपायला १९५८ चा कायदा यावा लागला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षे. वतन गेले ही मुक्तीच होती, त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण वतनाच्या जागी म्हाताऱ्यांसाठी काय ठेवले, हा प्रश्न त्या वेळी सरकारने स्वतःला विचारला नाही.

आता दुसरी वाट पाहू. एकोणिसाव्या शतकात आमच्या समाजात मोबदल्याची पेन्शन एकाच ठिकाणी मिळत होती, लष्करात. कोकणात दापोलीला महार पेन्शनरांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर तिथलेच, लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त झालेले हवालदार. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले, अनार्य दोष परिहारक मंडळी उभी केली, १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर गेले. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर महूहून दापोलीत आले. महिन्याच्या महिन्याला सरकारकडून ठरलेला पैसा येतो, तो गावचा पाटील बंद करू शकत नाही, त्यासाठी कोणापुढे वाकावे लागत नाही, ही गोष्ट किती मोठी होती याची कल्पना आज करणे अवघड आहे. विटाळाविरुद्ध लिहिणारा माणूस गावाच्या भाकरीवर जगत असता तर त्याला लिहिता आले असते का? आमच्या चळवळीचा पाया फुल्यांच्या विचाराने घातला गेला, तसाच त्या पेन्शनच्या रुपयांनीही घातला गेला. हे म्हणायला कोणाला संकोच वाटत असेल, आम्हाला वाटत नाही.

१८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती थांबवली. वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. पाठ्यपुस्तकात हा प्रसंग नोकरी गेल्याचा म्हणून येतो. आमच्या मते तो एका अख्ख्या जातीचे म्हातारपण पुन्हा गावाच्या स्वाधीन केल्याचा प्रसंग आहे.

बाबासाहेब अशा पेन्शनर बापाच्या घरात वाढले होते. म्हातारपणीचा पैसा स्वाभिमानाशी कसा बांधलेला असतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी अस्पृश्य कामगारांना कापड खात्यात, म्हणजे मागावर, घेत नाहीत, कमी पगाराच्या सूत खात्यातच ठेवतात, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो म्हणून विटाळ! पगार कमी म्हणजे उद्याची शिल्लकही कमी. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते, तेव्हा औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आडारकर अहवाल १९४४ मध्ये आला आणि पुढच्या सामाजिक विम्याच्या कायद्यांची पायवाट तिथे पडली. आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी याहून पुढची मागणी मांडली. विमा ही सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मिळकतीच्या प्रमाणात विमा घेणे सक्तीचे असावे, हे घटनेतच लिहून ठेवावे, म्हणजे एखादे निवडून आलेले सरकार ते उद्या मोडू शकणार नाही. शेती राष्ट्राची, मुख्य उद्योग राष्ट्राचे आणि विमा राष्ट्राचा. या तिन्हींपैकी विम्याच्या कलमावर आमच्या व्याख्यानमालांत कोणी बोलताना आम्ही फारसे ऐकलेले नाही.

घटना समितीत हे झाले नाही. झाले ते अनुच्छेद ४१. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत सरकारी साहाय्याचा हक्क मिळावा म्हणून राज्य तरतूद करील, पण आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत. मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यावरून कोर्टात जाता येत नाही. 'वार्धक्य' हा शब्द घटनेत आला, ही गोष्ट लहान नव्हे. पण त्याच्या पुढे लागलेल्या त्या मर्यादेच्या शब्दांनी पुढची पंचाहत्तर वर्षे काय केले, ते आता आकड्यांत पाहता येते.

१९५२ मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला. सुरुवातीला तो कापड, सिमेंट, कागद, लोखंड-पोलाद अशा सहा उद्योगांतल्या मोठ्या कारखान्यांना लागू होता. सरकारी नोकरांना पेन्शन होतीच. शेतमजूर, वीटभट्टीवरचे, घरकामवाल्या, कचरा वेचणाऱ्या, सालगडी या सगळ्यांना काहीच नव्हते, आणि देशातले बहुसंख्य दलित-आदिवासी याच कामांत होते. असंघटित कामगाराचा हिशेब ठेवता येत नाही, तो आज इथे उद्या तिथे, असे कारण सांगितले जाई. हे कारण खोटे आहे हे महाराष्ट्रानेच १९६९ मध्ये सिद्ध केले. माथाडी कायद्याने हमालाची नोंद मंडळात झाली, माल उतरवून घेणाऱ्याकडून मजुरीवर लेव्ही घेतली गेली आणि पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी मिळाला. जे हमालासाठी जमले ते शेतमजुरासाठी का जमले नाही? आमचे उत्तर सरळ आहे. शेतमजुराच्या मालकाकडून लेव्ही वसूल करायची म्हणजे गावातल्या बड्या शेतकऱ्याकडून करायची, आणि विधानसभेत तोच बसलेला होता.

शेतमजुरासाठी मग दुसरी वाट काढली गेली. उत्तर प्रदेशने १९५७ मध्ये वृद्धांसाठी पेन्शन सुरू केली. महाराष्ट्रात १९८० मध्ये अंतुले सरकारने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. योजनेने लाखो घरांत चूल पेटवली हे मान्य करून नावाकडे पाहावे. त्यात पेन्शन हा शब्द नाही, अनुदान आहे. कामगार हा शब्द नाही, निराधार आहे. चाळीस वर्षे दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचलेली बाई साठीनंतर 'निराधार' कशी होते? तिच्या श्रमावर ज्यांचे बंगले उभे राहिले त्यांचा आधार तीच होती. शिपाई निवृत्त झाला की तो पेन्शनर, शेतमजूर थकला की निराधार.

केंद्राला जाग यायला १९९५ उजाडले. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला आणि पासष्टीपुढच्या निराधार वृद्धांना महिन्याला ७५ रुपये केंद्राकडून ठरले. २८ नोव्हेंबर २००१ च्या अन्न अधिकार खटल्यातल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ही पेन्शन महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्या, असे बजावले. तो आदेश आम्ही छापून तहसीलच्या भिंतीवर लावावा असे अनेकदा मनात आले आहे, कारण आमच्याकडे तीन-तीन महिन्यांचे पैसे एकदम येण्याचीच म्हाताऱ्यांना सवय झाली आहे. २००६ मध्ये ७५ चे २०० झाले. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले आणि ती दारिद्र्यरेषेच्या यादीशी जोडली गेली. २०११ मध्ये वय साठवर आले आणि ऐंशीपुढच्यांना ५०० रुपये ठरले. त्यानंतर काहीच नाही. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्र सरकार आजही महिन्याला २०० रुपयेच देते. दिवसाला ७ रुपयेसुद्धा होत नाहीत. लाभार्थींच्या संख्येवरही टोपण बसवलेले आहे. देशभरात वृद्ध पेन्शनसाठी सुमारे २ कोटी २१ लाख, त्यापुढे केंद्र पैसे देत नाही. २०२४-२५ मध्ये या सगळ्या कार्यक्रमाला ९,६५२ कोटी रुपये होते, २०२५-२६ मध्येही ९,६५२ कोटीच. म्हातारे वाढतात, महागाई वाढते, ही रक्कम मात्र जागची हलत नाही. २०१७ मध्ये साठ अर्थतज्ज्ञांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून निदान ५०० तरी करा म्हटले. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्विनीकुमार खटल्यात वृद्धांचा सन्मानाने जगण्याचा हक्क मान्य केला आणि पेन्शनचा फेरविचार करायला सांगितले. दोनशेचे दोनशेच राहिले.

राज्याचे त्या मानाने बरे म्हणावे लागेल. श्रावणबाळचे ६०० रुपये २०१९ मध्ये १००० झाले, २०२३ मध्ये १५००. पण केंद्राने वय साठवर आणले तरी श्रावणबाळने पासष्टच ठेवले आणि २१ हजारांच्या रेषेला हात लावला नाही. मंजुरीसाठी तालुक्याला समिती असते, तिचा अशासकीय अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या मर्जीने नेमला जातो. सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात आणि नवी नेमेपर्यंत अर्जांचे गठ्ठे वाढत राहतात. गावच्या भाकरीची जागा तालुक्याच्या समितीने घेतली आहे. आजही म्हातारा अध्यक्षाच्या दारात हात जोडून उभा असतो आणि अध्यक्ष त्याला 'मी तुझे काम केले' असे सांगतो.

आता नावाबद्दल. 'श्रावणबाळ' हे नाव ज्याने सुचवले त्याला बहुधा ती गोष्ट अर्धीच आठवत होती. आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून नेणारा मुलगा सगळ्यांना माहीत आहे. पण त्या मुलाला मारले कोणी? राजाने. शिकारीला निघालेल्या दशरथाने आवाजाच्या रोखाने बाण सोडला आणि म्हाताऱ्यांचा एकमेव आधार गेला. राज्यकर्त्याच्या हातून म्हाताऱ्यांचा घात झाल्याची गोष्ट राज्यकर्त्यांनीच आपल्या पेन्शन योजनेला लावली, याला काय म्हणावे? विनोद सोडला तरी नावात एक विचार आहे: म्हातारपण ही मुलाची जबाबदारी, सरकार फक्त मुलाच्या जागी थोडा वेळ उभे राहते. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यातही हाच विचार आहे. मुलाने निर्वाहखर्च द्यावा, जास्तीत जास्त महिन्याला १० हजार, नाही दिला तर न्यायाधिकरण. ज्यांच्याकडे फ्लॅट आहे, जमीन आहे, त्यांना या कायद्याने दिलासा दिला, मालमत्ता परत मिळवून दिली. ज्याचा मुलगा स्वतः नाक्यावर उभा राहतो त्या बापाने कोणावर खटला भरायचा? त्याच्यासाठी कायद्यात कलम १९ होते, प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी सरकारी वृद्धाश्रम. तिथे मात्र शब्दयोजना अशी की सरकार असे वृद्धाश्रम स्थापन करू शकेल. मुलाला सक्ती, सरकारला इच्छा.

मुलावर म्हातारपण टाकण्याचा सगळ्यात क्रूर नमुना पाहायचा असेल तर सफाई कामगारांकडे पाहावे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. गटारात आयुष्य घालवलेल्या बापाला पेन्शनच्या जोडीला घरात पगार सुरू राहतो, अनेक ठिकाणी वसाहतीतली खोलीही टिकते. संघटनांनी हा हक्क लढून मिळवला आहे आणि तो काढून घ्या असे म्हणण्याची आमची हिंमत नाही, कारण पर्याय कंत्राटदार आहे आणि कंत्राटी कामगाराला म्हातारपणी बहुतेक वेळा काहीच नसते. पण याचा अर्थ काय होतो ते बोलले पाहिजे. बापाचे म्हातारपण सुरक्षित करायचे तर मुलाने झाडू हातात घ्यायचा. वतनाचा कायदा १९५८ मध्ये गेला, तो असा मागल्या दाराने परत आला. याच घरातली एम.ए. झालेली मुले वारस म्हणून रुजू झालेली आम्ही पाहिली आहेत.

थोडे आपल्या घरातलेही बोलू. राखीव जागांमुळे आमच्यातली एक पिढी शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी, अधिकारी म्हणून निवृत्त झाली आणि तिला पूर्ण पेन्शन आहे. विहारांची बांधकामे, जयंतीच्या वर्गण्या, अभ्यासिका यांत त्यांचा वाटा मोठा आहे. वलंगकरांच्या पेन्शनने जे केले तेच तेही करत आहेत. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभरातले कर्मचारी संपावर गेले तेव्हा आम्ही पाठिंबा दिला, कारण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आमच्याच भावाबहिणींचे म्हातारपण बाजारावर सोडलेले आहे. पण त्या सात दिवसांत एकाही मोर्चात श्रावणबाळच्या रकमेची मागणी आमच्या कानावर आली नाही. आग्र्यात १८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपण दरवर्षी पोस्टरवर छापतो. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी २०१२ मध्ये पेन्शन परिषद उभी केली, किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन सर्वांना द्या, ही साधी मागणी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर म्हातारे बसवले. आमच्या किती संघटनांचे झेंडे तिथे होते?

पैसा नाही, हे उत्तर आता कोणी देऊ नये. शेजारच्या तेलंगणात वृद्धांना २०१६ रुपये मिळतात. आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून ४००० रुपये, तेही महिन्याच्या पहिल्या तारखेला घरी आणून. महाराष्ट्र या दोघांपेक्षा गरीब आहे असे आमच्या अर्थसंकल्पात तरी कुठे लिहिलेले नाही. उलट मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीणकडे वळवले गेले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली होती. बहिणींना पैसे मिळाले याचे आम्हाला वाईट वाटत नाही. त्याच बहिणी पासष्टीला पोहोचल्या की त्यांना दारिद्र्य सिद्ध करायला कोणी लावले, एवढेच आम्ही विचारतो. सरकारने पहिली गोष्ट करावी ती ही की लाडकी बहीणमधून वयामुळे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला कोणताही नवा दाखला न मागता श्रावणबाळमध्ये घ्यावे. कागदपत्रे सरकारकडे आधीच आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे २१ हजारांची रेषा काढून तिथे अडीच लाख लिहावे. त्यासाठी एक शासन निर्णय पुरे.

मावशींच्या अर्जाचे काय झाले? त्यांचा मुलगा भाड्याचा टेम्पो चालवतो, सून धुणीभांडी करते. तलाठ्याने उत्पन्न २१ हजारांच्या वर धरले, आणि ते खरेही आहे. कचेरीबाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने उपाय सांगितला, "म्हातारीचे रेशन कार्ड वेगळे करा. मुलगा सांभाळत नाही असे लिहून द्या, काम होऊन जाईल." म्हणजे श्रावणबाळचे पैसे हवे असतील तर आपल्याला श्रावणबाळ नाही, असे शपथेवर सांगायचे. तालुक्यातल्या किती घरांत माय-लेक एका ताटात जेवतात आणि कागदावर वेगळे राहतात, हे त्या टेबलावरच्या माणसाला बरोबर माहीत असेल. मावशींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माझं पोरगं अर्धी भाकर माझ्याकडं सरकवतंय. ते मला बघत नाही असं मी लिहू?"

आम्ही खऱ्या उत्पन्नासह अर्ज दाखल केला आहे. सोबत पत्र जोडले आहे की नाकारायचा असेल तर कारणासह लेखी नाकारावा. पोच मिळाली. समितीची बैठक अजून लागलेली नाही.